कासवीची दृष्टी

मराठी संतसाहित्यात कासवीच्या दृष्टीचा दृष्टान्त वारंवार येतो. कासवी पिल्लांना पाजत नाही, पंखाखाली घेत नाही, केवळ नजरेने त्यांचे पोषण करते, आणि तशीच गुरूची किंवा देवाची कृपादृष्टी भक्ताला दुरूनही वाढवते, असा त्याचा आशय असतो. हा दृष्टान्त कितीही हृद्य असला, तरी समुद्रातल्या कासवीचे प्रत्यक्ष वर्तन त्याच्याशी मुळीच जुळत नाही. मादी रात्री किनाऱ्यावर येते, वाळूत खड्डा करून अंडी पुरते आणि तासाभरात समुद्रात परतते. पुरलेल्या अंड्यांकडे ती पुन्हा फिरकत नाही, आणि दीड-दोन महिन्यांनी वाळूतून वर येणाऱ्या पिल्लांची व तिची भेटच होत नाही. कोकणच्या किनाऱ्यावर या पोरक्या अंड्यांवर नजर ठेवण्याचे काम गेल्या दोन दशकांत माणसांनी पत्करले. ते कसे सुरू झाले, कोणी वाढवले आणि कुठवर पोहोचले, याचा इतिहास महाराष्ट्राच्या अलीकडच्या सामाजिक इतिहासातले एक मोलाचे प्रकरण आहे.

भारताच्या समुद्रात सागरी कासवांच्या पाच जाती आढळतात. त्यांपैकी कोकणात अंडी घालण्यासाठी नियमाने येते ती ऑलिव्ह रिडले ही जात. पाठीचा रंग ऑलिव्हच्या फळासारखा मळकट हिरवा, लांबी दोन-सव्वादोन फूट आणि वजन साधारण पस्तीस ते पंचेचाळीस किलो असलेले हे कासव सागरी कासवांमध्ये लहान गणले जाते. ओडिशात गहिरमाथा आणि ऋषिकुल्या येथे या जातीच्या लाखो माद्या काही रात्रींत एकाच वेळी किनाऱ्यावर येतात. या सामूहिक आगमनाला ‘अरिबाडा’ असा मूळचा स्पॅनिश शब्द रूढ आहे. कोकणात असा लोंढा येत नाही. येथे नोव्हेंबर ते मार्च या काळात एखाददुसरी मादी अंधारात एकटीच पुळणीवर चढते, भरतीच्या रेषेच्या वर कोरडी वाळू शोधते, मागच्या पायांनी सुमारे दीड फूट खोल, तळाशी फुगीर आणि तोंडाशी अरुंद असा मडक्याच्या आकाराचा खड्डा खणते आणि त्यात शंभर-सव्वाशे अंडी घालते. त्यानंतर वाळू लोटून ती खड्डा बुजवते, आपल्याच शरीराने ती थोपटून घट्ट करते आणि परतते. मागे उरतो तो वाळूवरचा माग, आणि तो वाचता येणाऱ्याला घरटे सापडायला वेळ लागत नाही.

हा माग वाचणारे पुष्कळ असतात. कोल्हे, कुत्री आणि रानडुकरे वासावरून घरटी उकरतात. कावळे, घारी आणि खेकडे पिल्लांवर तुटून पडतात. हजार पिल्लांमागे जेमतेम एखादेच प्रौढ होते असे जे सांगितले जाते, तो या जातीने हजारो वर्षे सोसलेला हिशेब आहे, कारण एक मादी आयुष्यभरात हजारो अंडी घालून त्याची भरपाई करते. तो हिशेब विसाव्या शतकात बिघडला. सागरी कासवांचे मांस, कातडे आणि पाठीचे कवच यांना देशाबाहेरही बाजारपेठ मिळाली; बंगाल-ओडिशाच्या किनाऱ्यावरून जिवंत कासवे कलकत्त्याच्या बाजारात जाऊ लागली; गहिरमाथ्याला तर अंडी गोळा करण्याचे परवाने दिले जात होते आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत तिथून नावा भरभरून अंडी बाहेर जात होती. त्याच काळात यांत्रिक ट्रॉलर, म्हणजे समुद्राच्या तळाशी जाळे ओढत नेणाऱ्या बोटी, किनाऱ्यावर वाढल्या. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला आणि १९७७ मध्ये सागरी कासवांचा समावेश त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या बरोबरीने सर्वाधिक संरक्षण असलेल्या प्राण्यांच्या यादीत झाला. कागदावर यापेक्षा भक्कम संरक्षण शक्य नव्हते. परंतु हजारो किलोमीटरच्या किनाऱ्यावर, रात्री, एकट्या मादीने केलेल्या घरट्याजवळ कायदा उभा राहू शकत नाही. तिथे माणूसच उभा राहावा लागतो.

असा माणूस प्रथम उभा राहिला तो मद्रासला. रोम्युलस व्हिटेकर यांच्या मद्रास सर्पोद्यानाशी जोडलेल्या काही तरुणांनी १९७३-७४ च्या सुमारास रात्री किनाऱ्यावर पायी फिरून घरटी शोधायला आणि अंडी सुरक्षित जागी हलवायला सुरुवात केली. हॅचरी, म्हणजे कुंपण घालून राखलेल्या वाळूत अंडी उबवण्याची व्यवस्था, भारतात आली ती या खटपटीतून. याच गटातले सतीश भास्कर यांनी पुढे देशाच्या किनाऱ्याचा आणि बेटांचा मोठा भाग पायी पालथा घालून कासवांच्या नोंदी केल्या. १९८२ च्या पावसाळ्यात लक्षद्वीपमधल्या एका निर्जन बेटावर ते हिरव्या कासवांच्या अभ्यासासाठी काही महिने एकटे राहिले होते. मद्रासची हॅचरी नंतर सरकारी खात्यांकडे गेली, काही वर्षे चालली आणि बंद पडली. तेव्हा १९८८ मध्ये विद्यार्थ्यांनी एकत्र येऊन ‘स्टुडंट्स सी टर्टल कन्झर्व्हेशन नेटवर्क’ ही संस्था उभारली आणि रात्रीची ती पायपीट पुन्हा सुरू केली. ती आजही चालू आहे. केरळात कोळिक्कोड जिल्ह्यातल्या कोलावीपालम या गावी १९९२ साली कोळी समाजातल्या तरुणांनी ‘तीरम’ ही संस्था काढली, आणि किनाऱ्यावर राहणारी माणसेच कासवांची राखण करू शकतात हे दाखवून दिले. गोव्यात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात मोरजी, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर वनखात्याने स्थानिकांना हाताशी धरून घरटी राखायला सुरुवात केली.

या सगळ्या काळात महाराष्ट्राचा ७२० किलोमीटरचा किनारा जवळजवळ कोराच होता. येथे कासवे येतात हे अभ्यासकांच्या अहवालांत नोंदलेले होते, आणि किनाऱ्यावरच्या गावांना तर ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. मात्र अहवालातली माहिती गावाला ठाऊक नव्हती आणि गावाची माहिती अहवाल लिहिणाऱ्यांच्या कामी येत नव्हती. देवळाच्या सभामंडपात शिरताना दगडी कासवाला हात लावून पुढे जाण्याची रीत ज्या प्रदेशात घरोघरी पाळली जाते, त्याच प्रदेशात पुळणीवरच्या कासवाची अंडी उकरून खाण्याची किंवा विकण्याची रीतही तितकीच सहज चालत आली होती, आणि दोहोंमध्ये काही विसंगती आहे असे कोणाला वाटत नव्हते. यात क्रौर्यापेक्षा सवयीचा भाग मोठा होता. पुळणीवर आयते मिळणारे अन्न गरिबाने सोडावे असे त्याला कोणी सांगितले नव्हते, आणि सोडल्यास त्याच्या पदरात काय पडेल याचाही विचार कोणी केला नव्हता.

तो विचार २००२ साली सुरू झाला. चिपळूणची ‘सह्याद्री निसर्ग मित्र’ ही संस्था १९९२ मध्ये स्थापन झाली होती आणि विश्वास उर्फ भाऊ काटदरे तिचे प्रमुख कार्यकर्ते होते. संस्थेने त्या काळात पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाचे सर्वेक्षण हाती घेतले होते. हा पक्षी किनाऱ्यालगतच्या उंच झाडांवर घरटे करतो, त्यामुळे कार्यकर्ते एकेक किनारी गाव पायी तपासत होते. त्या फिरतीत रत्नागिरी जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, मंडणगड तालुक्यातल्या वेळास गावच्या पुळणीवर त्यांना कासवाच्या अंड्यांची टरफले विखुरलेली दिसली. चौकशी केल्यावर उलगडा झाला की येथे दर हंगामात कासवे येतात आणि त्यांची जवळजवळ सगळी अंडी माणसे किंवा जनावरे नेतात. गरुडाच्या शोधात निघालेल्या संस्थेला असे कासव सापडले, आणि पुढची अनेक वर्षे तेच तिचे मुख्य काम होऊन बसले.

वेळास हे सावित्री नदीच्या मुखाजवळ, बाणकोटच्या किल्ल्यापासून थोड्या अंतरावरचे छोटे गाव. पेशवाईतले मुत्सद्दी नाना फडणवीस यांच्या घराण्याचे मूळ गाव म्हणून इतिहासात त्याची नोंद आहे. त्यापलीकडे नारळी-पोफळीच्या वाड्या, आंबा, थोडी भातशेती आणि मुंबई-पुण्याला नोकरीसाठी गेलेले तरुण, असे कोकणातल्या कोणत्याही गावाचे असते तसेच त्याचेही चित्र होते. वाड्या संपल्या की सुरूचे बन, आणि त्याच्या पलीकडे रुंद, मोकळी, रात्री पूर्ण अंधारात असणारी पुळण. या अंधाराला महत्त्व आहे. अंड्यातून बाहेर पडलेली पिल्ले क्षितिजावरच्या सर्वांत उजळ दिशेकडे धावतात. नैसर्गिक किनाऱ्यावर ती दिशा समुद्राची असते, पण किनाऱ्यावर दिवे लागले की पिल्ले उलट रस्त्याकडे वळतात आणि मरतात. मादीही प्रकाश आणि वर्दळ असलेल्या पुळणीवर चढायला कचरते. विकासाच्या वाटेवर मागे राहिलेले हे गाव कासवांसाठी योग्य ठरले ते याच मागे राहण्यामुळे.

संस्थेने पहिल्या हंगामात केले ते काम पाहता साधे वाटेल, परंतु पुढच्या सगळ्या यशाचे बीज त्यातच आहे. घरटे शोधण्याची विद्या शहरातल्या पदवीधरांकडे नव्हती. ती अंडी उकरणाऱ्यांकडे होती. ताज्या मागावरून मादी कुठे वळली, कुठे थांबली हे ओळखणे, पायाखालची वाळू कुठे भुसभुशीत लागते हे टाचेने जोखणे, बारीक काठी हलकेच खुपसून अंडी नेमकी कोणत्या ठिकाणी आहेत ते ताडणे, हे सारे पिढीजात कसब होते. संस्थेने त्या माणसांना दोषी ठरवले नाही आणि पोलिसांकडेही दिले नाही. ज्यांना माग वाचता येत होता त्यांच्याच हाती राखणीचे काम दिले, त्याचा मोबदला दिला, आणि पहाटे उठून पुळण तपासणारा माणूस अंडी घरी नेण्याऐवजी हॅचरीत आणू लागला. कायद्याच्या पंचवीस वर्षांत जे घडले नव्हते ते असे एका हंगामात घडले. २००२-०३ च्या त्या पहिल्या हंगामात पन्नासच्या आसपास घरटी राखली गेली आणि अडीच हजारांहून अधिक पिल्ले समुद्रात गेली. वेळासच्या पुळणीवर इतकी पिल्ले एका हंगामात समुद्राला मिळणे ही त्या पिढीच्या माहितीतली पहिलीच गोष्ट होती.

हॅचरीच्या कामात कष्टांइतकीच अचूकता लागते. अंडी घातल्यापासून काही तासांतच आतला गर्भ कवचाला आतून चिकटतो. त्यानंतर अंडे उलटे झाले किंवा जोरात हलले तर गर्भ मरतो. म्हणून अंडी शक्यतो पहाटेच उचलायची, ज्या बाजूने ती होती त्याच बाजूने ठेवायची, मूळ घरट्यातली थोडी वाळू सोबत घ्यायची आणि हॅचरीत तितक्याच खोलीचा, त्याच मडक्यासारख्या आकाराचा खड्डा करून त्यात ती पुन्हा पुरायची, अशी शिस्त घालून दिली गेली. प्रत्येक खड्ड्यावर तारीख आणि अंड्यांची संख्या लिहिलेली पाटी लागते. पंचेचाळीस ते साठ दिवसांत पिल्ले वर येतात; दिवस भरत आले की खड्ड्यावर पाटी-टोपली पालथी घालतात, म्हणजे पिल्ले वाट चुकून विखुरत नाहीत आणि कावळ्यांच्या तोंडी पडत नाहीत. पिल्लू नर होणार की मादी हे वाळूच्या उष्णतेवर ठरते: साधारण २९ अंश सेल्सिअसच्या आसपास दोन्ही होतात, वाळू अधिक तापली तर माद्या वाढतात, गार राहिली तर नर. त्यामुळे हॅचरी उन्हात आहे की सुरूच्या सावलीत, हा प्रश्नही गावकऱ्यांना विचारात घ्यावा लागतो. पिल्ले थेट पाण्यात नेऊन सोडत नाहीत. पाण्यापासून काही अंतरावर वाळूत ठेवून त्यांना स्वतःच्या पायांनी समुद्र गाठू देतात. जन्मलेल्या किनाऱ्याची ओळख याच काळात त्यांच्यात ठसते आणि तिच्या आधारे वयात आलेली मादी त्याच प्रदेशात परत येते, असे अभ्यासक मानतात.

संस्थेच्या पैशावर आणि काही कार्यकर्त्यांच्या जिद्दीवर असे काम चार-पाच वर्षे चालू शकते, कायमचे चालू शकत नाही. गावाला कासव जगवण्यात स्वतःचा लाभ दिसल्याशिवाय ही राखण टिकणार नाही, हे काटदरे यांनी आणि गावातल्या जाणत्यांनी ओळखले. त्यातून २००६ च्या सुमारास वेळासचा कासव महोत्सव सुरू झाला. गावात ‘कासव मित्र मंडळ’ उभे राहिले, ग्रामपंचायत सोबत आली आणि पिल्ले बाहेर पडण्याच्या दिवसांत शहरातल्या लोकांनी वेळासला यावे, गावातल्याच घरांत उतरावे, तिथेच जेवावे आणि सकाळ-संध्याकाळ पुळणीवर पिल्ले समुद्राकडे जाताना पाहावीत, अशी योजना आखली गेली. हॉटेल बांधायचे नाही, घरातली खोली पाहुण्यांना द्यायची, हा यातला निर्णायक मुद्दा होता. पैसा गावाबाहेरच्या मालकाकडे न जाता थेट चुलीपाशी आला, आणि चुलीपाशी बहुधा बाईच होती. उकडीचे मोदक, सोलकढी आणि आंबोळ्या करणाऱ्या वेळासच्या गृहिणीला हंगामात हातात रोकड मिळू लागली. ज्या घरात पूर्वी कासवाची अंडी शिजत असतील, त्याच घरात कासव पाहायला आलेल्या पाहुण्याचे पान वाढले जाऊ लागले. अंड्यांची चोरी थांबवायला यानंतर वेगळ्या पहाऱ्याची गरज उरली नाही. शेजाऱ्याचेच शेजाऱ्यावर लक्ष राहिले.

महोत्सवाच्या वाटेत अडचणी आल्याच. पिल्ले ठरलेल्या दिवशी बाहेर पडत नाहीत, म्हणून लांबून आलेल्या पाहुण्यांची कधी निराशा होते. गर्दीच्या दिवसांत दोरीच्या आत शिरण्याची, पिल्लू हातात घेऊन फोटो काढण्याची, अंधारात झगमगता प्रकाश टाकण्याची हौस आवरणे अवघड जाते. कासवासाठी आलेली माणसेच कासवाला त्रासदायक ठरण्याचा धोका या प्रकारात कायम असतो, आणि पर्यटनाच्या जोरावर दिवे आणि बांधकामे पुळणीपर्यंत आली तर ज्या अंधारामुळे कासव येते तोच नाहीसा होईल. वेळासने हा तोल बऱ्याच अंशी राखला. त्याचे श्रेय नियम लिहिणाऱ्यांपेक्षा ते रोज पाहुण्यांना पुन्हा पुन्हा समजावून सांगणाऱ्या गावकऱ्यांना द्यायला हवे.

वेळासचा अनुभव पाहून इतर गावे पुढे आली. रत्नागिरी जिल्ह्यात आंजर्ले, केळशी, दाभोळ, कोळथरे, गुहागर. रायगड जिल्ह्यात हरिहरेश्वर, दिवेआगर, मारळ. सिंधुदुर्गात वायंगणी, तोंडवळी, तांबळडेग अशी नावे दर हंगामाला वाढत गेली. आंजर्ल्यानेही स्वतःचा महोत्सव सुरू केला. काही ठिकाणी एखाददुसऱ्या झपाटलेल्या माणसाने सारी पुळण अंगावर घेतली, तर काही ठिकाणी तरुणांच्या मंडळाने. मुंबईत वर्सोव्याला अफरोज शाह या वकिलांनी ऑक्टोबर २०१५ पासून किनाऱ्यावरचा कचरा उचलण्याची स्वयंसेवी मोहीम चालवली होती; तिथे मार्च २०१८ मध्ये ऑलिव्ह रिडलेची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसली. सुमित्रा भावे आणि सुनील सुकथनकर यांचा ‘कासव’ हा चित्रपट याच दशकातला. कोकणातल्या कासव संरक्षणाची पार्श्वभूमी असलेल्या या चित्रपटाला २०१७ मध्ये राष्ट्रीय पुरस्कारांतले सुवर्णकमळ मिळाले. एका संस्थेचे काम मराठी समाजाच्या जाणिवेचा भाग झाले होते, हे त्यावरून दिसते.

या टप्प्यावर शासन ठळकपणे पुढे आले. राज्याच्या वनविभागाने २०१२ मध्ये कांदळवन कक्ष स्थापन केला आणि पुढे त्याच्या जोडीला कांदळवन प्रतिष्ठान उभे राहिले; किनाऱ्यावरच्या हॅचऱ्या आणि तिथे काम करणाऱ्या कासवमित्रांचे मानधन क्रमाक्रमाने वनविभागाकडे आले, आणि सह्याद्री निसर्ग मित्रने घातलेल्या घडीवर सरकारी व्यवस्था उभी राहिली. स्वयंसेवी कामाचे यातच यश आहे असे म्हणता येते, कारण आरंभ करणाऱ्याने बाजूला होऊनही काम चालू राहणे ही त्याची खरी कसोटी असते. तरीही एक गोष्ट नोंदवायला हवी: शासनाकडे निधी, वाहने आणि अधिकार आले, पण पहाटे चार वाजता पुळणीवर जाणारा माणूस अजूनही गावातलाच आहे आणि त्याचे मानधन हंगामापुरतेच असते. अलीकडच्या हंगामांत तिन्ही जिल्ह्यांत मिळून नोंदलेली घरटी हजाराच्या पुढे गेली आहेत आणि गुहागरची पुळण त्यांत अग्रभागी आहे. या वाढीत कासवांची संख्या किती वाढली आणि शोधणारे डोळे किती वाढले, हे वेगळे काढणे सोपे नाही. ऑलिव्ह रिडले वयात यायला दहा-पंधरा वर्षे लागतात, त्यामुळे वेळासच्या पहिल्या हंगामांतली जगलेली पिल्ले आता अंडी घालण्याच्या वयाची आहेत.

परंतु पुळणीवरची राखण ही अर्धीच गोष्ट आहे. कासव आयुष्याचा जवळजवळ सगळा काळ समुद्रात घालवते आणि त्याला श्वास घ्यायला पृष्ठभागावर यावे लागते. ट्रॉलरच्या जाळ्यात अडकून ते तासन्‌तास पाण्याखाली राहिले तर बुडून मरते. कासवाला जाळ्यातून बाहेर पडता यावे म्हणून बसवायची चौकट उपलब्ध आहे, पण मासळीही सुटून जाईल या धास्तीने ती बसवायला अनेक बोटमालक राजी नसतात. या हयगयीची किंमत व्यापारातही मोजावी लागली: कासवांना पुरेसे संरक्षण नसल्याच्या कारणावरून अमेरिकेने २०१९ पासून भारतातल्या समुद्रातून पकडलेल्या कोळंबीची आयात थांबवली. फाटून किंवा तुटून समुद्रात राहिलेली नायलॉनची जाळी तर वर्षानुवर्षे तरंगत राहतात आणि त्यांत गुरफटलेल्या कासवाचे वल्ह्यासारखे पाय मुळापासून कापले जातात. पावसाळ्यात वारा आणि लाटा अशी जखमी कासवे किनाऱ्यावर आणून टाकतात.

त्यांच्यासाठी पालघर जिल्ह्यात डहाणूला जे काम उभे राहिले, ते या इतिहासातले दुसरे मोठे पान आहे. ‘वाइल्डलाइफ कन्झर्वेशन अँड ॲनिमल वेल्फेअर असोसिएशन’ या स्वयंसेवी संस्थेचे तरुण किनाऱ्यावर जखमी कासव लागल्याची खबर मिळताच धावतात, ओल्या गोणपाटात गुंडाळून ते वनविभागाच्या उपचार केंद्रात आणतात, आणि डॉ. दिनेश विन्हेरकर यांच्यासारखे पशुवैद्य त्यावर उपचार करतात. जाळ्याचे दोर कापणे, जखम धुऊन सडलेला भाग काढणे, अंगात द्रव आणि प्रतिजैविके देणे, आणि मग समुद्राच्या पाण्याच्या टाकीत महिनोन्‌महिने ठेवून त्याला पुन्हा खायला आणि बुडी मारायला लावणे, असा हा धीराचा क्रम असतो. फुप्फुसाचा आजार झालेले किंवा पोटात वायू धरलेले कासव एका बाजूला कलून तरंगत राहते, त्याला खोल जाता येत नाही. ते पुन्हा सरळ पोहू लागेपर्यंत समुद्रात सोडता येत नाही. एक पाय गमावलेले कासव तीन पायांवर पोहायला शिकू शकते, पण पुढचे दोन्ही पाय गेले तर त्याला आयुष्यभर टाकीत ठेवावे लागते. हजार पिल्ले सोडण्याच्या तुलनेत एक कासव बरे करणे संख्येने किरकोळ वाटेल; तथापि, वयात आलेली एक मादी वाचणे म्हणजे पुढच्या अनेक हंगामांची घरटी वाचणे, हे लक्षात घेतले की या कामाचे मोल कळते.

मच्छीमाराला या प्रयत्नांत सहभागी करून घेणारे एक शहाणपणाचे पाऊल राज्याने डिसेंबर २०१८ मध्ये उचलले. जाळ्यात अडकलेले कासव किंवा अन्य संरक्षित सागरी जीव सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला पंचवीस हजार रुपयांपर्यंत भरपाई देण्याचा निर्णय झाला. वेळासला जे तत्त्व अंडी उकरणाऱ्याबाबत लागू पडले, तेच येथे जाळे टाकणाऱ्याबाबत लागू केले गेले: ज्याच्या हातात प्राण्याचा जीव आहे त्याचे नुकसान होऊ देऊ नये.

२०२० हे वर्ष या सगळ्याची परीक्षा पाहणारे ठरले. मार्चमध्ये, महोत्सवाच्या ऐन हंगामात टाळेबंदी लागू झाली आणि पाहुणे थांबले; त्यानंतर ३ जून रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या परिसरात किनाऱ्यावर धडकले आणि मंडणगड-दापोलीच्या बागांचे व घरांचे अतोनात नुकसान झाले. पिढ्यांनी जोपासलेल्या नारळी-पोफळी काही तासांत आडव्या झाल्या. घरावर छप्पर नसलेल्या माणसाने कासवांकडे पाठ फिरवली असती तर त्याला दोष देता आला नसता. तरी पुढच्या हंगामात हॅचऱ्यांची कुंपणे पुन्हा उभी राहिली.

आणि जानेवारी २०२२ मध्ये वेळासच्या पुळणीवर एका मादीच्या पाठीवर उपग्रहाला संदेश पाठवणारे यंत्र बसवले गेले. कांदळवन प्रतिष्ठान आणि देहरादूनची भारतीय वन्यजीव संस्था यांचा हा संयुक्त प्रकल्प होता, आणि भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडलेचा उपग्रहाने माग घेण्याचा हा पहिला प्रयत्न असल्याने त्या मादीचे नाव ‘प्रथमा’ ठेवले गेले. पाठोपाठ आंजर्ल्याला ‘सावनी’ आणि गुहागरला ‘रेवा’, ‘वनश्री’ व ‘लक्ष्मी’ यांच्यावर यंत्रे बसली. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी २०२३ मध्ये, गुहागरहून ‘बागेश्री’ आणि ‘गुहा’ निघाल्या. बागेश्रीने दक्षिणेची वाट धरली, श्रीलंकेला वळसा घातला आणि ती बंगालच्या उपसागरात शिरली. तोपर्यंत अरबी समुद्रातली कासवे आणि पूर्व किनाऱ्यावरची कासवे यांचे विश्व वेगवेगळे असल्याचा समज प्रचलित होता. वेळासच्या मातीत पाय रोवून सुरू झालेली राखण दोन समुद्रांच्या विज्ञानाला अशी जाऊन मिळाली.

त्याची उलट साक्ष २०२५ च्या जानेवारीत मिळाली. गुहागरच्या पुळणीवर अंडी घालायला आलेल्या एका मादीच्या पायावर धातूची क्रमांकपट्टी होती. तिच्यावरचा क्रमांक ०३२३३ तपासल्यावर कळले की ती पट्टी २०२१ साली ओडिशाच्या गहिरमाथा किनाऱ्यावर, तिथे अंडी घालायला आली असताना, भारतीय प्राणी सर्वेक्षण विभागाच्या शास्त्रज्ञांनी बसवली होती. पूर्व किनाऱ्यावर एकदा अंडी घातलेली ही मादी सुमारे साडेतीन हजार किलोमीटरचे अंतर कापून कोकणात अंडी घालायला आली होती. किनाऱ्यावर माणसे जागी होती म्हणूनच तिच्या पायावरचा क्रमांक वाचला गेला. तिची अंडी हॅचरीत हलवण्यात आली, आणि त्यांतून बाहेर पडलेली शंभराहून अधिक पिल्ले गुहागरच्या समुद्रात गेली.